देवमासा मासा आहे का?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दूध आटायला अजून पाऊण तास आहे अशी स्वयंपाकघरातून बातमी आहे. तोपर्यंत तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवायचं काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपवलंय. तीसेक वर्षं कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईच्या हातात माईक दिला की काय होतं, याची त्यांना कल्पना नसावी.

विषय मी शोधलेला नाही. आपल्या मराठी शाळेतल्या एका मैत्रिणीने तो मला दिला. वय वर्षं सात. तिने मराठीच्या तासाला ‘पाण्यातले मासे’ या मथळ्याखाली पापलेट, बांगडा, सुरमई आणि देवमासा असं लिहिलं. शिक्षिकेने चारही बरोबर दिले. त्याच आठवड्यात तिच्या रोजच्या शाळेत विज्ञानाच्या कागदावर तिने ‘व्हेल’ माशांच्या रकान्यात टाकला आणि तिथे लाल फुली आली. तिने आईला विचारलं, “मराठीत तो मासा असतो आणि इंग्लिशमध्ये नसतो का?” आईने फोन मला लावला.

प्रश्न फार चांगला आहे. आपली भाषा या बाबतीत जरा बेसावध आहे हे कबूल करायला हवं. देवमासा हा मासा नव्हे. पाणमांजर मांजर नव्हे, पाणघोडा घोडा नव्हे, आणि खवले मांजर तर कुठल्याच बाजूने मांजर नव्हे. पण इंग्लिशवाल्यांनी नाक वर करायचं कारण नाही. जेलीफिश आणि स्टारफिश त्यांनीच ठेवलेली नावं आहेत. सामान्य माणूस नाव ठेवताना प्राणी कुठे राहतो आणि कसा दिसतो एवढंच बघतो, आत चिरून बघत नाही. आणि या इंग्लिश बोलणाऱ्या देशातच, आपल्यातले बरेच जण जिथे रोज ट्रेनने कामाला जातात त्या मॅनहॅटनमध्ये, देवमासा मासा आहे की नाही यावर चक्क खटला चालला होता. ज्युरी बसवून!

साल १८१८. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रस्त्यावरचे आणि घरातले दिवे तेलावर जळत, मेणबत्त्या लागत, आणि तेलाचा मोठा धंदा होता. भेसळही तेवढीच. म्हणून राज्याच्या विधिमंडळाने त्या वर्षी कायदा केला की ‘माशाच्या तेला’चं प्रत्येक पिंप सरकारी निरीक्षकाने तपासायचं आणि व्यापाऱ्याने त्याची फी भरायची. जेम्स मॉरिस नावाचे गृहस्थ निरीक्षक झाले. सॅम्युएल जड या तेलाच्या आणि मेणबत्त्यांच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपं घेतली आणि फी भरायला नकार दिला. त्यांचं म्हणणं एकच : कायदा माशाच्या तेलाचा आहे, आणि देवमासा मासा नाही. मॉरिसने दंडाचा दावा लावला. पिंपाला पंचवीस डॉलर, एकूण पंचाहत्तर. डिसेंबरच्या अगदी शेवटच्या दिवसांत मेयर्स कोर्टात सुनावणी झाली. लोकांनी कोर्टाची खोली भरून गेली होती.

व्यापाऱ्याच्या बाजूने साक्षीला आले डॉक्टर सॅम्युएल लेथम मिचिल. हे त्या काळातले न्यूयॉर्कचे सर्वात नामवंत निसर्गशास्त्रज्ञ, शिवाय अमेरिकन सिनेटमध्ये बसून आलेले. त्यांनी सांगितलं की देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, त्याचं रक्त गरम असतं, तो पिल्लाला जन्म देतो आणि अंगावर पाजतो. तेव्हा तो जितका माणूस मासा आहे तितकाच मासा आहे. मॉरिसचे वकील विल्यम सॅम्पसन. आयर्लंडमधून हद्दपार झालेला हा बुद्धिमान आणि मिश्किल माणूस होता. त्यांनी डॉक्टरसाहेबांची मनसोक्त फिरकी घेतली. बायबलमध्ये सृष्टीचे जमिनीवरचे, हवेतले आणि पाण्यातले असे भाग आहेत, लोकांना ते समजतात. तुमच्या पॅरिसच्या आणि स्वीडनच्या विद्वानांनी नवीन कप्पे पाडले म्हणून न्यूयॉर्कच्या कोळ्याने आपली भाषा बदलायची का? असा त्यांचा रोख होता. देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य काढलेले दर्यावर्दीही साक्षीला होते. त्यांतल्या एका कप्तानाचं नाव, मी बनवून सांगत नाही, प्रिझर्व्ड फिश. म्हणजे ‘टिकवलेला मासा’! नाटकात असं नाव घातलं तर दिग्दर्शक काढून टाकेल.

ज्युरीने किती वेळ घेतला असेल? पंधरा मिनिटं. निकाल : देवमासा हा मासा आहे. जडसाहेबांनी पंचाहत्तर डॉलर भरावेत.

हे ऐकून आपण हसतो. पण माझं मत विचाराल तर ती ज्युरी मूर्ख नव्हती. विधिमंडळाने कायदा लिहिताना ‘मासा’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. गंमत म्हणजे पुढल्याच वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला आणि देवमाशाचं तेल त्यातून वगळलं. म्हणजे खटला हरलेल्या व्यापाऱ्यांचा धंदा शेवटी वाचला. हा प्रकार जुना म्हणून सोडून देऊ नका. १८९३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयात कराच्या एका खटल्यात टोमॅटोला भाजी ठरवलं, आणि २०२२ साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने निकाल दिला की त्या राज्याच्या संकटग्रस्त जीवांच्या कायद्यापुरती भुंग्यासारखी मोठी मधमाशी ‘मासा’ या व्याख्येत बसते! त्या कायद्यात ‘मासा’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की तिच्यात पाठीचा कणा नसलेले जीवही येतात. त्यामुळे मधमाशीला संरक्षण मिळायची वाट मोकळी झाली, याचा मला आनंदच आहे. पण कोर्टाचा कप्पा वेगळा आणि निसर्गाचा वेगळा, एवढं आमच्या सात वर्षांच्या मैत्रिणीला सांगायला हरकत नाही.

आता निसर्गाचा कप्पा. आपण त्याला ‘सस्तन’ म्हणतो. शब्दाची फोड सोपी आहे, स म्हणजे सहित. शाळेत आमच्या बाई हा धडा आला की खिडकीबाहेर बघत तो शब्द उरकून टाकायच्या, आणि मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. पण तो शब्द आपल्याकडे इंग्लिश ‘मॅमल’वरून आला आणि त्याचं मूळ स्वीडनच्या कार्ल लिनियसकडे आहे. १७५८ साली त्याने आपल्या मोठ्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. त्याआधी या गटाचं नाव ‘चतुष्पाद’ होतं, चार पायांचे. त्यात देवमासा बसेना, वटवाघूळ बसेना आणि खरं म्हणजे माणूसही नीट बसेना. लिनियसने नाव बदलून स्तनांवरून ‘ममालिया’ केलं, देवमाशाला माशांतून उचलून त्यात टाकलं आणि माणसालाही त्याच पंगतीत बसवलं.

त्याने स्तनच का निवडले? केसांवरून ‘सकेश’ म्हणता आलं असतं. केस नराला, मादीला, पिल्लाला, सगळ्यांना असतात. दूध फक्त माद्यांना येतं, तेही काही दिवस. म्हणजे गटातल्या निम्म्यांना लागू न पडणारी खूण त्याने साऱ्या गटाच्या कपाळावर लावली. त्या काळी युरोपात श्रीमंत घरची बाळं दूध पाजायला दाईकडे पाठवायची रीत होती आणि त्यांतली पुष्कळशी दगावत. लिनियस डॉक्टर होता. १७५२ साली त्याने या दाईप्रथेच्या विरोधात एक निबंध लिहिला होता. आईने आपलं बाळ आपणच पाजावं असं त्याचं ठाम म्हणणं होतं. शास्त्रीय नावामागे अशी घरची तळमळ होती, असं इतिहासकार मांडतात आणि मला ते पटतं.

आपल्या जुन्या ग्रंथांत जीवांचे अंडज, जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार प्रकार सांगितलेत. जरायुज म्हणजे वार घेऊन जन्मणारे. त्यामुळेच आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की पिल्लाला जन्म देतो तो सस्तन आणि अंडं घालतो तो नाही. हे अर्धंच खरं आहे. कोकणातली घोणस पिल्लं घालते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. म्हणून ती सस्तन होत नाही. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो. त्याचं कातडं अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला पोचलं तेव्हा बदकाची चोच शिवून कोणीतरी थट्टा केलीय असा संशय आला. तो अंडी घालतो की नाही यावर विद्वान ऐंशीएक वर्षं भांडले. शेवटी १८८४ मध्ये कॉल्डवेल नावाच्या तरुण संशोधकाने ऑस्ट्रेलियातून तार केली. त्या वेळी शास्त्रज्ञांची सभा आपल्या शेजारी माँट्रियलमध्ये भरली होती, तिथे ती वाचून दाखवली गेली. हो, अंडी घालतो. आणि अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू दूधच पितं. आईला बोंडशी नसते, दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं आणि पिल्लू ते चाटतं. अंड्यापर्यंत मागे गेलं तरी दूध काही सुटत नाही.

रक्त गरम असणं हीसुद्धा खात्रीची खूण नाही, पक्ष्यांचंही असतं. दूध, केस आणि कान या तीन खुणा मात्र पक्क्या. दूध राखून ठेवते, आधी बाकीच्या दोन उरकते.

केस सगळ्यांना असतात, कमीजास्त. हत्तीला असतात, जवळून बघा. डॉल्फिनचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडावर काही मिशा असतात, त्या पुढे गळतात. हंपबॅक देवमाशाच्या डोक्यावर जे टेंगळासारखे उंचवटे दिसतात, त्या प्रत्येकात एक राठ केस असतो. आणि आपलं खवले मांजर? त्याच्या अंगावरचे खवले माशाचे नव्हेत. ज्या केराटिनचे आपले केस आणि नखं बनतात त्याचेच ते आहेत. खवल्यांत औषधी गुण असावेत अशा समजुतीने या बिचाऱ्याची जगभर चोरटी शिकार होते. चिपळूणजवळच्या डुगवे गावाने २०२० साली खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून ‘खवलोत्सव’ साजरा केला. कोकणी माणसाला एखादी गोष्ट मनापासून वाचवायची असली की तो तिला पालखीत बसवतो.

कानाची खूण बाहेरून दिसत नाही, पण मला सगळ्यात आवडते. आपल्या कानात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं असतात. सरड्याच्या किंवा पक्ष्याच्या कानात एकच. उरलेली दोन कुठून आली? जबड्यातून. सरपटणाऱ्या प्राण्यांत खालच्या-वरच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो, तीच दोन हाडं आपल्या फार जुन्या पूर्वजांत लहान होत गेली आणि सरकत सरकत कानात जाऊन बसली. हे नुसतं जीवाश्मांवरून बांधलेलं अनुमान नाही, ते आपल्या मागच्या अंगणात घडतं. रात्री कचऱ्याचा डबा उलटा करणारं, गोरं तोंड आणि उघड्या शेपटीचं ओपॉसम तुम्ही पाहिलं असेल. मेक्सिकोच्या उत्तरेला राहणारा हा एकुलता एक पिशवीवाला प्राणी, कांगारूचा दूरचा नातलग. त्याचं पिल्लू बारा-तेरा दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मतं, मधमाशीएवढं. जन्मतं तेव्हा त्याची ती कानाची हाडं अजून जबड्यालाच चिकटलेली असतात! आईच्या पिशवीत दूध पिता पिता ती सुटी होऊन कानात जातात. पिशवीत साधारण तेरा बोंडं असतात, बारा गोलात आणि एक मधे. पिल्लं त्याहून जास्त जन्मली तर ज्याला बोंड मिळालं ते जगतं. त्या तेवढ्याशा अंधळ्या जिवाला जन्मल्याबरोबर आईच्या केसांतून सरपटत पिशवीपर्यंत जावं लागतं, कोणी उचलून नेत नाही. पुढल्या वेळी डबा उलटा केला तर शिव्या जरा कमी द्या.

आता दूध. आज या हॉलमध्ये तोच वास भरलाय, तेव्हा तिथेच थोडं रेंगाळू.

खरवस किती जणांना आवडतो? हात वर करू नका, मला दिसतंय. इथे आल्यावर आपण दही आणि कंडेन्स्ड मिल्क ओव्हनमध्ये ठेवून त्याला खरवस म्हणतो, आणि पाहुणेही सभ्यपणे म्हणतात. खरा खरवस चिकाचाच. गाय व्याल्यावरचा पहिला चीक वाफवला की विरजण, जिलेटिन काही न घालता वडीसारखा घट्ट होतो. आपलं रोजचं दूध कितीही उकळा, वडी पडत नाही. असं का? चिकात रोजच्या दुधाच्या जवळपास चौपट प्रथिनं असतात, आणि त्यांतली पुष्कळशी रोगाशी लढणारी, ज्यांना प्रतिपिंडं म्हणतात ती. अंड्यातला पांढरा भाग तापला की थिजतो, तशी ही थिजतात. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडं आईच्या पोटातच वारेतून मिळतात. वासराला मिळत नाहीत, गाईची वार ती सोडत नाही. ते जवळजवळ निःशस्त्र जन्मतं, आणि चिकातली प्रतिपिंडं त्याचं आतडं पहिला दिवसभरच आत घेऊ शकतं. त्यानंतर ते दार बंद. म्हणून विस्कॉन्सिनच्या मोठमोठ्या डेअऱ्यांतसुद्धा वासरू जन्मलं की पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजायची घाई असते. आमची आजी म्हणायची, आधी वासरू, मग आपण. तिला हे प्रतिपिंडांचं काही माहीत नव्हतं. वासरं मेलेली तिने पाहिली होती.

प्रत्येक आईचं दूध तिच्या संसाराप्रमाणे असतं. उत्तर अटलांटिकच्या तरंगत्या बर्फावर पिल्लू घालणाऱ्या हुडेड सीलला सवड अशी नाहीच, बर्फ कधी फुटेल सांगता येत नाही. ती पिल्लाला फक्त चार दिवस पाजते. पण त्या दुधात साठ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो. आपल्या म्हशीच्या दुधात सात-आठ. त्या चार दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं. निळ्या देवमाशाचं पिल्लू दिवसाला सुमारे नव्वद किलो वाढतं. रोज एक माणूस अंगावर चढवल्यासारखं! उलट आपल्या लॉनवरची कॉटनटेल सशीण. ती गवतात छोटासा खळगा करून त्यात पिल्लं ठेवते आणि दिवसात एकदा-दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, काही मिनिटंच येऊन पाजते. सारखी तिथे बसली तर कोल्ह्याला पत्ता लागेल. दर वसंतात आपल्यातलं कोणीतरी लॉन कापताना असं घरटं बघतं, आई दिसत नाही म्हणून पिल्लं बुटाच्या खोक्यात घालून घरात आणतं आणि गाईचं दूध पाजतं. कृपा करून असं करू नका. पिल्लं पोरकी नसतात, आई संध्याकाळी येणार असते. गवताने घरटं झाका आणि दोन-तीन आठवडे तेवढा कोपरा कापू नका. हरणाच्या पाडसाचंही तेच.

वटवाघळाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. उडणारा सस्तन प्राणी हा एकच. जगात सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या चौदाशेच्या वर एकट्या वटवाघळांच्या. टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या काँग्रेस अ‍ॅव्हेन्यू पुलाखालून उन्हाळ्यात संध्याकाळी सुमारे पंधरा लाख वटवाघळं बाहेर पडतात. लोक चटया अंथरून बघायला बसतात. सॅन अँटोनिओजवळच्या ब्रॅकन गुहेत तर दीड कोटीहून जास्त. त्या मुख्यतः बाळंतिणी असतात. प्रत्येकीला वर्षाला एकच पिल्लू, आणि छताला पिल्लांचा असा गालिचा की बोट ठेवायला जागा नाही. आई पहाटे परत येते आणि त्या अंधारातल्या लाखोंच्या कलकलाटातून आवाजावरून आणि वासावरून आपलंच पिल्लू शोधून त्याला पाजते. बालदिनाच्या गर्दीत स्वतःची मुलं शोधून दमलेल्या आयांना याची थोरवी मी सांगायला नको.

वर्षाला एकच पिल्लू, हे लक्षात ठेवा. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं प्रथम दिसली. ही बुरशी बाहेरच्या खंडातून आलेली. ती थंडीत झोपलेल्या वटवाघळाला पुन्हा पुन्हा जागं करते, साठवलेली चरबी संपते आणि ते वसंताच्या आधीच मरतं. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं गेली. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत पूर्वी कोठारांत आणि माळ्यांवर सर्रास दिसणारं छोटं तपकिरी वटवाघूळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. उंदराला दर महिन्याला पिल्लं होतात, तो सावरतो. वटवाघळाला सावरायला आपल्या मुलांचं सारं आयुष्य लागेल. तेव्हा माळ्यावर वटवाघळं सापडली तर जून-जुलैमध्ये भोकं बुजवू नका, आत न उडणारी पिल्लं असतात. पिल्लं उडायला लागली की मग बुजवा. पण झोपायच्या खोलीत वटवाघूळ आलं तर हात लावू नका आणि हाकलून मोकळेही होऊ नका. रेबीजचा धोका असतो, चावा कळतही नाही इतका बारीक असतो. आरोग्यखात्याला फोन करा.

आणि आपण माणसं? आपलं बाळ वर्षभर उभंही राहत नाही. चतुष्पादांच्या हिशेबाने हे फारच कच्चं काम. त्यामुळे आपल्याला नुसतं दूध पुरत नाही, दूध पाजणारीला मदतही लागते. या देशात १९९३ च्या कायद्याने बाळंतपणाला बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांतच. भारतात २०१७ पासून नोंदणीकृत नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे, पगारी. इथे ऑफिसात दूध काढायला वेळ आणि बाथरूम सोडून दुसरी जागा दिलीच पाहिजे असा नियम आधीपासून होता. त्यातून सुटलेल्या बऱ्याच नोकऱ्यांना तो लागू व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. इथे बसलेल्या किती जणींनी साठवणीच्या खोलीत, पाठीने दार दाबून धरत पंप वापरलाय ते मला माहीत आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. आगाऊ जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध. लिनियसला दाई नको होती. त्याला ही दाई पसंत पडली असती, असं मला वाटतं.

परत देवमाशाकडे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं एक पिल्लू लागलं. गावकरी, वनखातं आणि बाकी यंत्रणा दोन दिवस राबल्या. ओली फडकी टाकली, पाणी मारलं, ओढून समुद्रात नेलं. ते पुन्हा किनाऱ्याला आलं आणि गेलं. हवेत श्वास घेणारा प्राणी, मग किनाऱ्यावर का मरतो असं मुलं विचारतात. पाण्याचा आधार गेला की त्याचं स्वतःचं वजन फुप्फुसांवर येतं, आणि जाड चरबीमुळे अंग उन्हात तापत जातं. आणि पिल्लू आईपासून तुटलेलं असलं तर खोल पाण्यात सोडूनही काय होणार? त्याला दूध कोण देणार?

या खंडाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलच्या आसपासच्या समुद्रात, ओर्कांची एक जमात आहे. किलर व्हेल म्हणतात त्यांना, खरं तर ते सर्वात मोठे डॉल्फिन. या जमातीत आता जेमतेम पाऊणशे उरलेत. शास्त्रज्ञ त्यांना एकेक करून ओळखतात. २०१८ मध्ये त्यांतल्या ताह्लेक्वा नावाच्या मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलं. तिने ते सतरा दिवस डोक्यावर तोलून वाहून नेलं. घसरलं की खोल बुडी मारून परत वर आणायची. २०२४ च्या अखेरीस तिचं आणखी एक पिल्लू गेलं आणि तिने पुन्हा तेच केलं. मूळ कारण खाण्याचं आहे. हे ओर्का मुख्यतः चिनूक सामन माशावर जगतात, आणि धरणं, मासेमारी, नद्यांचं बिघडलेलं पाणी यांनी तो मासा कमी झालाय.

यांच्यातली आणखी एक गोष्ट आपल्या हॉलमधल्या ज्येष्ठ मंडळींसाठी राखून ठेवली होती. सस्तन प्राण्यांत बहुतेक माद्या मरेपर्यंत वितात. पाळी जाऊन पुढे वर्षानुवर्षं जगणाऱ्या फार थोड्या : माणूस आणि काही दातवाले देवमासे, ओर्का त्यांतलाच. मग निसर्गाने या आज्या कशाला ठेवल्या? सामन दुर्मीळ असतो त्या वर्षी जमातीच्या पुढे पोहत वाट दाखवतात त्या याच. २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं की अशी आजी मेली तर पुढल्या दोन वर्षांत तिच्या नातवंडांच्या मरणाचा धोका साडेचार पट होतो. आपल्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन ज्या आज्या उतरतात, त्यांना विमानतळावर येण्याचं कारण विचारलं जातं. त्यांनी काय उत्तर द्यावं ते तुम्ही ठरवा.

वॉशिंग्टन राज्यात फिरायला गेलात तर सॅन हुआन बेटावर लाइम किल्न पॉइंट नावाचं पार्क आहे. तिथे खडकावर बसून किनाऱ्यावरूनच ओर्का दिसतात, नशीब असेल तर अगदी जवळून. बोटीने जायची गरज नाही. २०२५ च्या जानेवारीपासून या जमातीच्या हजार यार्डांच्या आत बोट न्यायला बंदीच आहे, कारण इंजिनाच्या आवाजात त्यांना मासा ऐकू येत नाही. दुर्बीण घ्या, स्वेटर घ्या, तिथे जुलैतही वारा बोचतो. आणि आपली मराठी शाळेतली मैत्रीण बरोबर असेल तर तिला मोजू द्या.